धीर देणाऱ्या शब्दामागे

मराठवाड्याने २०१२ पासूनच्या चार वर्षांत तीन दुष्काळ पाहिले. २०१५ च्या पावसाळ्यानंतरही जायकवाडीचा तळ उघडा होता आणि गावोगावी टँकरची वाट पाहिली जात होती. वर्तमानपत्रांत शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या रोज येत होत्या. त्याच वर्षी राज्य सरकारने मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ नावाची शेतकरी समुपदेशन योजना आणली. आशा कार्यकर्तीने घरोघर जायचं, घरच्यांशी बोलायचं, झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन लागतं का हे विचारायचं, आणि एखादा माणूस आतून खचलेला दिसला तर त्याला डॉक्टरांपर्यंत न्यायचं. फोनवर बोलू इच्छिणाऱ्यांसाठी १०४ हा क्रमांक होता.

चारा छावण्या आणि कर्जाचं पुनर्गठन यांच्या जोडीला सरकारने माणसाशी बोलण्याचीही योजना आखावी, ही साधी गोष्ट नव्हती. खचलेल्या माणसाला शब्दांनी सावरता येतं, हे त्यामागचं गृहीत होतं. ते खरं आहे का? आणि खरं असेल तर कोणत्या शब्दांनी?

छत्रपती संभाजीनगरात अशा शब्दांचा तुटवडा नाही. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत सकारात्मक विचारांची पुस्तकं मांडलेली असतात. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये मुलांनी आपापल्या टेबलासमोर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात: मी करू शकतो, मी अधिकारी होणारच. सकाळी मोबाइल उघडला की गुलाबाच्या फुलासोबत एक सुविचार आलेला असतो. यातलं काहीही वाईट हेतूने लिहिलेलं नाही. चिठ्ठी लावणारी मुलं बहुतेक खेड्यातून आलेली असतात, आईबापाने पोटाला चिमटा घेऊन खोलीचं भाडं भरलेलं असतं आणि एका जागेसाठी हजारोंच्या रांगेत त्यांना उभं राहायचं असतं. त्यांना बळ हवं असतं आणि हाताशी असलेलं सगळ्यात स्वस्त बळ शब्दांचं असतं.

ही पद्धत शंभर वर्षं जुनी आहे. फ्रान्समधल्या त्रुआ शहरात एमिल कूए (१८५७–१९२६) हे औषधविक्रेते होते. औषध देताना दोन शब्द विश्वासाचे बोलले तर गुण लवकर येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी एक वाक्य तयार केलं. आपण दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारत चाललो आहोत, असा त्याचा आशय होता आणि ते सकाळ-संध्याकाळ वीस-वीस वेळा स्वतःशी म्हणायचं होतं. १९२० च्या दशकात हे वाक्य युरोप-अमेरिकेत घरोघरी पोहोचलं. आजच्या प्रेरणादायी व्याख्यानांच्या मुळाशी बऱ्याच अंशी हेच कूए आहेत.

२००९ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना चार मिनिटं मनात येईल ते लिहायला सांगितलं. काही जणांना दर पंधरा सेकंदांनी घंटा वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य स्वतःशी म्हणायचं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीपासून चांगलं होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांना स्वतःची किंमत वाटत नव्हती, त्यांना मात्र हे वाक्य म्हटल्यावर, न म्हणणाऱ्या तशाच विद्यार्थ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्याला सर्वांत गरज, त्यालाच या उपायाने चटका बसला. माणूस असं वाक्य म्हणू लागला की मन लगेच उलट पुरावे पुढे करतं. कोण करतंय प्रेम? परवा काय झालं ते आठवतंय ना? शब्द आणि आपला अनुभव यांच्यातली दरी मग अधिकच खोल दिसते.

हा प्रयोग मराठवाड्यातल्या कोणत्याही ओसरीवर पडताळून पाहता येईल. कपाशीवर बोंडअळी पडली, सोयाबीन पाण्यात सडलं, सावकार दोनदा येऊन गेला, अशा घरी बसून पाहुणे म्हणतात, ‘खचून जाऊ नको. चांगला विचार कर. सगळं नीट होईल.’ बोलणाऱ्याला खरोखरच कळवळा असतो. ऐकणाऱ्याच्या कानी मात्र वेगळंच पडतं: तू खचलास हा तुझाच दोष आहे आणि आता यावर अधिक बोलायचं नाही. तो मान हलवतो आणि गप्प होतो. पुढच्या वेळी विचारलं तर ‘बरं आहे’ म्हणतो. त्याला शब्दांची गरज नव्हती, असं मात्र यावरून ठरत नाही.

मराठीतल्या जुन्या बायकांना हे फार आधी कळलं होतं. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक ऐकता येतात. या ओव्यांमध्ये उसनं अवसान कुठेच नाही. सासरचा जाच, लेकीची आठवण, भावाचं न येणं, नवऱ्याचा हात उगारणं हे सगळं पहाटेच्या अंधारात जात्याशी बोलून टाकलेलं आहे. घरात तोंड उघडायची सोय नव्हती, जात्यावर होती. दुःखाला तोंड फुटलं की त्याला सूर मिळायचा, बहुधा समोर जोडीला बसलेली दुसरी बाई पुढची ओळ उचलायची, आणि उजाडेपर्यंत दळणही व्हायचं. शब्द, ताल, सोबत आणि हाताला काम एकाच वेळी. उपचारशास्त्राने पुढे जे वेगवेगळं शोधून काढलं, ते तिथे एकत्र होतं.

संतांची रीतही पाहण्यासारखी आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब, आजच्या जालना जिल्ह्यातलं. त्यांच्या मनाच्या श्लोकांची संख्या २०५ आणि त्यांतले अनेक थेट मनाला उद्देशून आहेत. मनाला समोर बसवायचं, त्याला ‘तू’ म्हणायचं, समजवायचं, प्रसंगी दटावायचं. पैठणच्या एकनाथांनी आपल्या रचनांच्या अखेरीस ‘एका जनार्दनी’ अशी गुरूसह स्वतःच्या नावाची मुद्रा ठेवली, तुकोबांनी ‘तुका म्हणे’ अशी. स्वतःकडे थोडं दुरून पाहण्याची सवय त्यातून कानाला लागते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ताणाच्या प्रसंगी स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलणारे आणि स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून हाक मारणारे यांची तुलना होती. दुसऱ्या गटाने प्रसंग अधिक नीट निभावला आणि नंतर त्यांच्या मनाला टोचणीही कमी लागली. मित्राला सल्ला देताना माणूस जितका समंजस असतो तितका स्वतःच्या बाबतीत नसतो. स्वतःला नावाने हाक मारली की तो समंजसपणा थोडा आपल्याही वाट्याला येतो. ‘मी जगात सर्वोत्तम आहे’ यापेक्षा ‘संतोष, आजचा दिवस वाईट गेला, आता उठून तोंड धू’ हे वाक्य म्हणूनच जास्त उपयोगाचं. संतोषला ते पटतं, कारण ते खरं आहे.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचा भर याच मुद्द्यावर आहे. मराठीत ती आणण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं. त्यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला, लेखन केलं, समुपदेशक घडवले. या पद्धतीत मनाला गोड बोलून गप्प करायचं नसतं. ‘मी नापास झालो, आता माझं आयुष्य संपलं’ या वाक्याचे दोन भाग करून दुसऱ्याचा पुरावा मागायचा असतो. नापास झालो हे खरं, त्याचं दुःखही खरं. आयुष्य संपलं हे कुठून आलं? दुःख पुसून न टाकता त्याला जागेवर ठेवणारी ही भाषा आहे. अभ्यासिकेतल्या टेबलावर एखादी चिठ्ठी लावायचीच असेल तर ती अशी असावी.

छत्रपती संभाजीनगरात मात्र एका चार अक्षरी शब्दाने पिढ्या उभ्या केल्याचं उदाहरण आहे आणि ते प्रयोगशाळेच्या मापात मावणारं नाही. ‘जयभीम’ हे अभिवादन कामठीच्या बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी रुजवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. त्याभोवती नागसेनवन उभं राहिलं. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून मुलं इथे आली. गावात ज्यांना वाकून जोहार घालावा लागे, ती इथे मान वर करून एकमेकांना जयभीम म्हणू लागली. त्या शब्दामागे वसतिगृह होतं, ग्रंथालय होतं, शिकवायला उत्सुक प्राध्यापक होते आणि शेजारच्या खाटेवर आपल्यासारखाच एक मुलगा होता. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या सोळा वर्षांत ज्यांची घरं जळाली त्यांनी कुठल्या आधारावर पुन्हा भिंती उभ्या केल्या, याचं उत्तर एकट्या शब्दात नाही, पण शब्द वगळूनही ते देता येणार नाही. आजही दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी हजारो माणसं जमतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या राईरकर-प्वातव्हाँ यांच्या संग्रहात आहेत, म्हणजे हा शब्द जात्यापर्यंतही पोहोचला होता.

वुड यांच्या प्रयोगातलं वाक्य आणि हे अभिवादन यांत मोठा फरक आहे. पहिल्यात माणूस एकटाच स्वतःची स्तुती करतो. दुसऱ्यात तो स्वतःबद्दल काहीच म्हणत नाही. आपण कशाचे आणि कुणाचे आहोत एवढंच सांगतो, आणि समोरून तोच शब्द परत येतो. जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका शाळेतला अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टींविषयी, उदाहरणार्थ नातेसंबंधांविषयी, थोडा वेळ लिहायला सांगितलं होतं. त्यानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. मी हुशार आहे, असं त्यांना लिहायला सांगितलं नव्हतं. पैठणहून पंढरपूरला निघालेल्या नाथांच्या पालखीत अनोळखी माणसं एकमेकांना ‘माउली’ म्हणून पाया पडतात, तिथेही बळ याच जातीचं असतं.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. कठीण दिवस आणि नैराश्याचा आजार यांत फरक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, आपण नालायक आहोत असं वाटत राहणं, मरणाचे विचार येणं, यांना सुविचाराने उत्तर देता येत नाही. त्याला तपासणी लागते, समुपदेशन लागतं, अनेकदा गोळ्या लागतात. मधुमेह असलेल्याला कुणी चांगला विचार करून साखर उतरव म्हणत नाही. देशातल्या बारा राज्यांत २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरांतल्या सुमारे ८५ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नसल्याचं आढळलं. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, चोवीस तास, मोफत बोलता येतं. ‘घाटीत जाऊ, मी सोबत येतो’ हे अशा वेळी सर्वांत धीराचं वाक्य आहे.

डॉक्टर मोजके आणि गावं हजारो, मग हे वाक्य बोलणार कोण? याचं उत्तर विदर्भाने आणि गोव्याने शोधलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नैराश्याविषयी उघड बोलायचं, पहिला आधार द्यायचा आणि गरज पडली तर तज्ज्ञांकडे न्यायचं, अशी त्याची रचना होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांतली जेमतेम चार माणसं उपचार घेत होती. कार्यक्रमानंतर हे प्रमाण सत्तावीसवर गेलं. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या सामान्य समुपदेशकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी त्यांनी सहा ते आठ भेटींत बोलायचं होतं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक लक्षणांतून बाहेर आले होते, केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. या भेटींत स्तुती नव्हती. काल काय केलं, आज कोणतं एक छोटं काम करता येईल, शेजाऱ्याकडे जाऊन याल का, विहिरीपर्यंत चालून याल का, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटून त्याची चौकशी, अशी त्यांची साधी घडण होती.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटणं, हीच यातली महागडी बाब आहे. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिकं झोपवली, शेतातली माती वाहून नेली. पंचनामे झाले, मदतीच्या घोषणा झाल्या. अशा गावात पुन्हा पुन्हा दार वाजवू शकेल अशी सरकारी यंत्रणेतली व्यक्ती आजही आशाच आहे. लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोगाच्या नोंदी, सर्वेक्षणं हे सगळं तिच्याच डोक्यावर आहे. ती शासकीय कर्मचारी नाही. तिला पगार नसून मोबदला मिळतो. त्या मोबदल्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ मध्ये संप करावा लागला आणि २०२४ च्या सुरुवातीला मुंबईत आझाद मैदानावर कित्येक दिवस ठिय्या द्यावा लागला. दुसऱ्याच्या घरी जाऊन ‘झोप लागते का?’ विचारणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घरीही बहुधा तीच दोन एकर कोरडवाहू आणि तेच कर्ज असतं. मानसिक आरोग्याची पुढची योजना आखताना पोस्टर आणि घोषवाक्यांचा खर्च कमी करून तिचा मोबदला वाढवावा, तिच्या कामांची यादी छाटावी, तिला नीट प्रशिक्षण द्यावं आणि महिन्यातून एकदा तिलाही कुणाशी तरी मोकळेपणी बोलता येईल अशी सोय तालुक्याच्या ठिकाणी करावी.