पावसाचा आप्त कोण?

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडतात. गोल आखून भोवती अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, पान-सुपारी, पापड, कुरडई. पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणतं धान्य हललं हे पाहून वाघ घराण्यातले महाराज यंदाचं पीकपाणी सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचा याला जुना विरोध आहे आणि तो रास्तच आहे. सुपारीला ढगांची खबर नसते. तरी दरवर्षी शेतकरी तिथे जमतात.

२०२५ च्या खरिपात दुसऱ्याच एका भाकिताने बांध गाठला. केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांच्या मोबाईलवर एसएमएसने मॉन्सूनच्या आगमनाचा अंदाज पाठवला. तो काढला होता कृत्रिम बुद्धिमत्तेने. गूगलचं न्यूरलजीसीएम, युरोपीय हवामान केंद्राचं एआयएफएस आणि आपल्या हवामान खात्याच्या सव्वाशे वर्षांच्या पाऊसनोंदी यांची त्यात सांगड होती. त्या वर्षी मॉन्सून २४ मे रोजीच केरळात पोहोचला आणि पुढे सरकून मधेच सुमारे वीस दिवस थबकला. ही थबक अंदाजात आधीच दिसली होती. पहिल्या सरींना भुलून पेरणाऱ्याला दुबार पेरणी काय असते हे ठाऊक असतं: बियाणं, खत, बैलाचं किंवा ट्रॅक्टरचं भाडं, सगळं दुसऱ्यांदा, बहुधा उसनवारीने.

म्हणजे यंत्र सुपारीपेक्षा भरवशाचं, हे मान्यच. पण त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तो कोणत्या अर्थाने?

न्यायदर्शनाला हा प्रश्न परका नाही. मजेची गोष्ट अशी, की अनुमान शिकवताना नैयायिकांनी उदाहरणं पावसाचीच घेतली. ढग दाटले, मुंग्या अंडी हलवू लागल्या, मोर ओरडला, म्हणजे पाऊस येणार. नदी फुगली, म्हणजे वर कुठेतरी झाला. आक्षेप घेणारा म्हणतो, नदी बांध घातल्यानेही फुगते, मुंग्या वारूळ मोडल्यानेही अंडी हलवतात आणि मोराचा आवाज माणूसही काढतो. नैयायिकांचं उत्तर असं, की दोष अनुमानाचा नाही, खूण नीट न पारखणाऱ्याचा आहे. पावसाने आलेल्या पुराला वेग असतो, फेस असतो, काटक्या-पानं वाहत येतात. यंत्र करतं ते हेच, फक्त काही दशकांच्या जगभरच्या नोंदींतून आणि माणसाच्या डोळ्याला न पेलणाऱ्या खुणांवरून. हवामानच बदलत चाललं, की जुन्या खुणा खोट्या पडू लागतात. ही अडचण पंचांगातल्या नक्षत्राच्या वाहनाला आहे, तशी काही अंशी यंत्रालाही आहे.

शेतकरी मात्र स्वतः अनुमान करत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो शब्द. आणि शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त म्हणजे ज्याने गोष्ट जशी आहे तशी जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. ऋषी असो, आर्य असो, म्लेच्छ असो, लक्षण एकच. इतकं उदार लक्षण यंत्राला बाहेर का ठेवील? जाणण्याच्या अटीवर ते कदाचित उतरेलही. सांगण्याच्या इच्छेवर अडतं. यंत्राला कोणाचं भलं व्हावंसं वाटत नाही आणि अंदाज चुकला तर लाजही वाटत नाही. मराठीने आप्त हा शब्द नातेवाइकासाठी ठेवला, ते उगाच नसावं.

जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध चक्क पोलिसांत तक्रार दिली. अंदाजावर विसंबून पेरलं आणि पाऊस आला नाही. शास्त्रज्ञांना ते हास्यास्पद वाटलं असेल. पण शब्द देणाऱ्याला जाब विचारता आला पाहिजे, हा त्या तक्रारीतला आग्रह अजिबात हास्यास्पद नव्हता. भेंडवळचे महाराजही निदान चार लोकांसमोर उभे राहून बोलतात.

एसएमएसचा गुण असा, की तो साध्या बटणांच्या फोनवरही जातो. पण जातो तो यादीतल्या नंबरावर. सातबारा नवऱ्याच्या नावावर, नंबर नवऱ्याचा आणि कपाशीची टोकणणी करते ती बाई. बटाईने कसणाऱ्याचं नाव तर बहुतेकदा कागदावरच नसतं. डिजिटल समावेशनाच्या भाषणांत फोन मोजले जातात, ऐकणारे कोणी मोजत नाही.

आणि ज्यांना आप्त म्हणता आलं असतं ती माणसं? कृषी विज्ञान केंद्रांमध्ये बसून तालुक्या-तालुक्याला मंगळवारी-शुक्रवारी सल्ला देणारे १९९ जिल्हा कृषी-हवामान कक्ष होते. वाफसा आला का, फवारणी थांबवू का, हे तिथे फोन करून विचारता येत असे. २०२४ च्या सुरुवातीला ते बंद करण्याचे आदेश निघाले. पुढच्याच वर्षी ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना संदेश गेले. ते पाठवत राहावेत. पण प्रत्येक संदेशाखाली उलट विचारता येईल अशा एका माणसाचा, त्याच जिल्ह्यातला, नंबर असावा, एवढी मागणी सरकारकडे करायला आपली काय हरकत आहे?