वांटेकऱ्याचा वांटा

कापसाचा भाव अगदीं उतरला, म्हणून अमेरिकेच्या सरकारानें सन १९३३ सालीं कायदा केला आणि उभें पीक नांगरून टाकणाऱ्या शेतकऱ्यांस पैसे दिले. तो पैसा जमीनमालकाच्या हातीं येई. वांटेकऱ्याचा हिस्सा त्यानें वांटेकऱ्यास द्यावयाचा होता. परंतु आर्कान्सा संस्थानांतील पॉइन्सेट परगण्यांत कित्येक मालकांनीं तो दिला नाहीं, उलट कुळांस घराबाहेर काढिलें. तेव्हां सन १९३४ सालीं टायरोन्झा गांवीं गोऱ्या व काळ्या वांटेकऱ्यांनीं एकत्र होऊन आपला संघ स्थापिला.

कोणी विचारील कीं, पैसे मालकाच्या नांवें आले, तर ते त्याचेच नव्हेत काय? आम्हांस वाटतें, सर्व नव्हेत. जमीन एकाची व घाम दुसऱ्याचा, तर पीक मोडल्याची भरपाईही दोघांची. दुसऱ्याचा वांटा ज्याच्या हातीं येतो, तो त्याचा धनी नसून कारभारी होय. अडकवून ठेविलेल्या मजुरीविषयीं याकोबानें आपल्या पत्राच्या ५ व्या अध्यायांत किती कडक इशारा दिला आहे!

प्रियहो, कागदावर आपलें नांव आहे एवढ्यानें हिशेब पुरा होत नाहीं. ज्यानें आपणांबरोबर पेरिलें, त्याचा वांटा सूर्य मावळण्यापूर्वीं त्याच्या घरीं पोंचवा.