अर्धा गाभा

सावकाश बसा. डोळे मिटले नाहीत तरी चालेल. दीडशे मीटर खोलीवरचा, कुणीही न पाहिलेला खडक मनासमोर आणा. ड्रिलने त्यात छिद्र घेतलंय आणि मनगटाएवढा जाड दगडी दांडा वर आलाय. हा गाभा. पुढचं छिद्र पन्नास मीटरवर आहे. मधला दगड कुणीच पाहिलेला नाही, आणि तिथे सोनं किती ते लिहायचंय.

इथेच जरा थांबा. त्या मोकळ्या जागेत मन काय भरतंय?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पाण्यात शिजलेला असतो. खडकाचं तसं नाही. सोनं तर महालहरी. इथे कण सापडतो, हातभर अंतरावर काहीच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींचे आकडे तपासताना डॅनी क्रिगे यांना दिसलं, की नमुन्यांत श्रीमंत वाटलेला भाग खोदल्यावर बहुधा कमी भरतो. त्यातून १९५१ च्या सुमारास अंदाज बांधण्याची नवी रीत निघाली. पण गणिताला नमुना खरा लागतो.

म्हणून गाभा उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत राहतो. पेटीतल्या त्या अर्ध्यावर मन ठेवा. तो कुणासाठी? उद्या येऊन ‘मला पटत नाही’ म्हणणाऱ्यासाठी.

इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या बुसांग इथे ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने जवळजवळ सगळा गाभा भरडून टाकला. सोनं विखुरलेलं आहे, मोठा नमुना बरा, हे कारण ऐकायला शहाणपणाचंच वाटतं. (अशा कारणांचीच भीती बाळगावी.) १९९७ च्या फेब्रुवारीत अंदाज सुमारे ७ कोटी औंसांवर गेला, म्हणजे दोन हजार टनांहून जास्त. मार्चमध्ये फ्रीपोर्ट या दुसऱ्या खाण-कंपनीच्या माणसांनी जुन्या छिद्रांशेजारी नवी छिद्रं घेतली. सोनं नावापुरतंच निघालं. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीने सांगितलं, नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं.

लबाडी करणारे मोजके असतील. आकडा पुढे नेणारे मात्र पुष्कळ होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं, आधीच्याने पाहिलंच असेल. या वाटण्यापाशी थोडा वेळ राहा. आपल्या कामातही ते असतं का?

कॅनडाने २००१ मध्ये नियम कडक केले. आता अंदाजाखाली पात्र तज्ज्ञाची नावानिशी सही लागते. सही एकाची, पण गाभा चिरणारा, नमुने पिशव्यांत भरणारा, प्रयोगशाळेतली बाई, खाण-अभियंता या सगळ्यांचं म्हणणं तिच्या आधी ऐकलेलं असावं.

आता तुम्ही त्या सहीच्या टेबलाशी आहात. अहवाल उद्या द्यायचाय, आकडा छान आलाय. सगळ्यांत नवखी मुलगी विचारते, “सर, हा एक नमुना वगळला तर किती उरतं?” खोलीतले सगळे तुमच्याकडे बघतात. तुमच्या चेहऱ्यावर काय आहे?