मसुदा आणि अभिप्राय

जो नियम सर्वांस बांधतो तो सर्वांस वाचता आला पाहिजे, हे तत्त्व मान्य करावयास कोणी फारसे कांकूं करीत नाही. तो दुरुस्त करण्याचा अधिकार कोणास, असे विचारताच मात्र आपण सावध होतो.

अमेरिकेत दूरदूरचे संगणक जोडणाऱ्या आर्पानेटची सिद्धता चालू असता, संगणकांनी परस्परांशी कसे बोलावे याचे संकेत ठरविणे भाग पडले. हे काम बव्हंशी विद्यार्थ्यांकडे आले. त्यांपैकी स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी पहिले टिपण काढले आणि या मालेस ‘अभिप्रायार्थ विनंती’ अशा अर्थाचे नम्र नाव दिले. टिपण कोणीही लिहावे, ते अपुरे असले तरी चालेल, एक वाक्यही पुरे, असा दंडक त्यांनी घातला. आजच्या इंटरनेटचे मूलभूत संकेत याच मालेत आहेत आणि ती कोणासही विनामूल्य वाचता येते.

अर्धवट जाणकार गोंधळ माजवतील, ही शंका रास्त आहे. या मालेने तिला शिस्तीने उत्तर दिले. प्रसिद्ध झालेल्या टिपणाचा मजकूर मागाहून बदलत नाहीत. चुकीची नोंद होते, अथवा नव्या क्रमांकाचे टिपण जुन्याची जागा घेते. मत कोणीही द्यावे. ते टिकावे मात्र स्वतःच्या बळावर.

‘मसुदा’ हा शब्द आपणां नोकरदारांच्या नित्य परिचयाचा. सहीपूर्वी तो कोणाच्या दृष्टीस पडू नये, यातच अधिकाराची प्रतिष्ठा आहे असे आपण समजतो. पण ज्यास दोष दाखविण्याची मुभा होती, तोच नियम आपला मानून पाळतो. इतर केवळ हुकूम बजावतात.