मम म्हणण्याची जबाबदारी

व्यवसायातला कोणताही महत्त्वाचा कागद लिहून झाला म्हणून लागू होत नाही. खरेदीचा आदेश असो, करारनामा असो, बिल असो की यंत्राच्या चाचणीचा अहवाल, कोणीतरी मंजूर केल्यावरच त्याला बळ येते. मसुदा एक जण करतो, दुसरा तपासतो, तिसरा पैशांची तरतूद पाहतो, चौथा कायद्याची बाजू बघतो आणि शेवटचा सही करतो. या साखळीमुळे चुका वेळेत सापडतात, अफरातफर अवघड होते, रद्द झालेला मसुदा चुकून बाहेर जात नाही. हे सगळे फायदे खरे आहेत. पण साखळी आखताना एक प्रश्न सहसा बाजूला राहतो: पाच जणांच्या सह्या असलेल्या कागदातून अनर्थ घडला, तर त्या पाचांतल्या प्रत्येकाने नेमके काय केले असे म्हणायचे?

भारतीय नीतिविचाराने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. कर्म तीन वाटांनी घडते. स्वतः केलेले ते कृत, दुसऱ्याकडून करवलेले ते कारित आणि दुसरा करत असताना ज्याला मान्यता दिली ते अनुमोदित. पतंजलीच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसादी दोषांची विभागणी याच तीन शब्दांनी केली आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राणिहत्येचे वाटेकरी मोजले आहेत. त्यात प्रत्यक्ष मारणारा आहे, कापणारा आहे, विकत घेणारा आणि विकणारा आहे, रांधणारा, वाढणारा आणि खाणाराही आहे. या यादीतला पहिला शब्द मात्र ‘अनुमन्ता’, म्हणजे संमती देणारा, हा आहे.

जैन आचारशास्त्र याहून पुढे जाते. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात कर्माचे १०८ भेद येतात: संकल्प, तयारी आणि प्रत्यक्ष कृती हे तीन टप्पे, मन, वाणी आणि काया ही तीन साधने, कृत, कारित आणि अनुमत हे तीन प्रकार, आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय, म्हणजे मनाचे विकार. त्यांचा गुणाकार केला की १०८ होतात. या हिशेबात अनुमोदनाचा वाटा करणाऱ्याच्या वाट्याएवढाच आहे. दिगंबर परंपरेत गृहस्थ श्रावकाच्या साधनेच्या ११ प्रतिमा, म्हणजे पायऱ्या, सांगितल्या आहेत. आठव्या पायरीवर तो उद्योगधंदा सोडतो, नवव्या पायरीवर संपत्ती सोडतो आणि दहाव्या पायरीवर अनुमती देणे सोडतो. हा क्रम विचार करायला लावणारा आहे. दुकान आणि पैसा सोडलेला माणूस मुलांनी विचारलेल्या व्यवहाराला अजून ‘करा’ म्हणत असेल, तर त्या व्यवहाराशी त्याचे नाते तुटलेले नसते. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या व्यापार केला, त्याच्याच धर्मशास्त्रात ‘हो’ या शब्दाचे इतके वजन मोजले गेले, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

संमती हे कर्म आहे हे एकदा मानले की पुढचा प्रश्न उभा राहतो. पाच जणांनी संमती दिली तर जबाबदारी पाच वाट्यांत विभागली जाते का? कार्यालयातली सर्वसाधारण समजूत तशीच असते. आपण पाचांतले एक, आपल्यापुढे आणखी तपासणारे आहेत, त्यामुळे आपला वाटा थोडा. बौद्ध आचार्य वसुबंधूने अभिधर्मकोशात सैन्याचे उदाहरण घेऊन ही समजूत खोडली आहे. एकाच हेतूने निघालेल्या सैन्यात मारणारा एकच असला, तरी दोष सर्वांना मारणाऱ्याइतकाच लागतो, कारण कार्य सर्वांचे एक आहे. जबाबदारीची वाटणी होत नाही; ती प्रत्येकाकडे पूर्ण जाते. बळजबरीने सैन्यात ओढलेल्यालाही दोष लागतो. सुटतो तो फक्त एकच: जिवावर बेतले तरी मारणार नाही, असा ज्याने निश्चय केला आहे तो.

अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ डेनिस थॉम्पसन यांनी १९८० साली याच गुंत्याला ‘अनेक हातांचा प्रश्न’ असे नाव दिले. निर्णयात अनेकांचे हात असले की दोष कोणाचा हे ठरवता येत नाही. सगळे दोषी म्हटले की कोणीच दोषी राहत नाही, आणि सर्वांत वरच्याला धरले तर प्रत्यक्ष ज्याने जाणूनबुजून डोळेझाक केली तो सुटतो. थॉम्पसन यांचे म्हणणे असे की प्रत्येकाला वेगळे तपासावे: त्याच्या कृतीने परिणामाला हातभार लागला का, आणि तो अजाणतेपणी किंवा बळजबरीने वागला होता का. वसुबंधूपेक्षा हे उत्तर सौम्य आहे, पण दोघांचा रोख एकाच बाजूला आहे. गर्दी ही सबब होऊ शकत नाही.

मंजुरीच्या कागदाने माणसांचे प्राण कसे जातात, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण चॅलेंजर अवकाशयानाचे आहे. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी रॉकेट बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीच्या युटामधील अभियंत्यांनी नासाला फोनवरच्या बैठकीत सांगितले की सुमारे १२ अंश सेल्सियसखाली उड्डाण करू नये, कारण थंडीत रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्या गॅस नीट अडवू शकणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळचा अंदाज गोठणबिंदूखालचा होता. नासाच्या अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला, कंपनीने थोडा वेळ मागितला, आणि व्यवस्थापकांनी आपल्याच अभियंत्यांचा सल्ला बाजूला सारला. मग नासाने शिफारस लेखी आणि सहीनिशी मागितली. प्रक्षेपणस्थळी असलेले कंपनीचे वरिष्ठ प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी सही करायला नकार दिला. सही युटामधून उपाध्यक्ष जो किलमिन्स्टर यांनी केली आणि कागद फॅक्सने आला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि ७ अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

या घटनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट चौकशी आयोगाच्या अहवालातून पुढे आली. उड्डाणाचा अंतिम निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्यापर्यंत अभियंत्यांचा विरोध पोहोचलाच नव्हता. कागद पायऱ्या चढत गेला आणि चढताना शंका गळून पडली. वर पोहोचली ती फक्त शिफारस. मंजुरीची साखळी आखणाऱ्याने या एका गोष्टीवर सर्वाधिक वेळ द्यायला हवा. प्रत्येक पायरीवरचा आक्षेप, फेटाळला गेला तरी, कागदाबरोबर पुढे गेला पाहिजे. टिपणीवरचा विरोधी शेरा पुढच्या माणसाला दिसला पाहिजे, आणि तो कोणी व कोणत्या कारणाने बाजूला ठेवला हेही त्याच जागी लिहिलेले असले पाहिजे.

पूजेत गुरुजी संकल्प सांगतात आणि यजमान ‘मम’ म्हणतो. ‘मम’ म्हणजे माझे. या कर्माचा कर्ता मी, असे तो देवापुढे सांगतो. मराठीत मात्र ‘मम म्हणणे’ याचा अर्थ दुसऱ्याने ठरवलेल्याला विचार न करता मान डोलावणे असा झाला आहे. सहीचेही तसेच झाले. २०१० मध्ये अमेरिकेत उघड झाले की कर्ज थकलेली घरे जप्त करण्यासाठी न्यायालयात दाखल होणाऱ्या प्रतिज्ञापत्रांवर काही कर्मचारी महिन्याला हजारो सह्या करत होते. मजकूर आपल्याला माहीत आहे असे त्या कागदांत शपथेवर लिहिलेले असे, आणि सही करणाऱ्याने कागद वाचलेलाही नसे. प्रक्रियेत सह्या होत्या, तारखा होत्या, शिक्के होते. मंजुरी मात्र त्यात नव्हती.

म्हणून चांगल्या साखळीत सह्या थोड्या असतात आणि प्रत्येक सहीचा अर्थ वेगळा असतो. हिशेबनीस रकमेसाठी उत्तर देतो, अभियंता मालाच्या दर्जासाठी, कायद्याचा सल्लागार अटींसाठी. एकाच गोष्टीसाठी चार सह्या घेतल्या की प्रत्येक जण उरलेल्या तिघांवर विसंबतो. जपानी कंपन्यांत प्रस्ताव सर्व संबंधितांकडे फिरवून प्रत्येकाचा शिक्का घेण्याची ‘रिंगी’ पद्धत आहे. तिने एकोपा साधतो, पण जबाबदारी कोणाची हे तिच्यात धूसर होते. याच्या उलट टोकाला सही एकाच्याच हातात एकवटते. बेअरिंग्ज या जुन्या ब्रिटिश बँकेच्या सिंगापूर कार्यालयात सौदे करणारा आणि ते सौदे नोंदवणारा विभाग सांभाळणारा माणूस एकच होता. १९९५ मध्ये ८२ कोटी पौंडांहून अधिक तोट्याने ती बँक बुडाली. करणारा आणि तपासणारा वेगळा असावा हा बँकांमधला नियम याच धोक्यासाठी आहे. आपणच केलेल्याला आपणच दिलेली अनुमती ही अनुमती नव्हे.

कागदाची मर्यादा ठरलेली असणे हेही तितकेच आवश्यक आहे. मराठेशाहीच्या दफ्तरात याची जाण होती. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या अष्टप्रधान मंडळात राजपत्रे तपासण्याचे काम सचिवाकडे होते. पत्रांवर ती तपासून रुजू झाल्याच्या खुणा असत, आणि मजकूर संपला तिथे मोर्तबाचा शिक्का उमटत असे. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत: ही मर्यादा शोभते. तिच्यानंतर कोणालाही एक ओळ वाढवता येत नसे. आजच्या भाषेत सांगायचे तर मंजूर झालेला मसुदा त्या क्षणी गोठला पाहिजे, आणि नंतर एक शब्द जरी बदलला तरी मंजुरी नव्याने घेतली पाहिजे. अनुमती एका ठरावीक मजकुराला दिलेली असते. मजकूर बदलला की ती उरत नाही.

संगणकावर हे सांभाळणे आता सोपे आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराची आणि प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे बंधनकारक आहे, आणि ती नोंद बंद करता येऊ नये अशीही अट आहे. कळ कोणाच्या नावाने आणि केव्हा दाबली गेली हे त्यातून कळते. कागद वाचला गेला का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मंजुरी देणाऱ्याकडून आपण काय तपासले याची एक ओळ लिहून घ्यावी लागते. आणि जिथे ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही तर कागद आपोआप मंजूर होतो, ती सोय करार आणि देयकांच्या कागदांपुरती तरी काढून टाकावी. मुदत संपली तर कागद वरच्या अधिकाऱ्याकडे जावा, आणि तिथेही एका माणसाने तो वाचून आपल्या नावाने हो किंवा नाही लिहावे.