गर्दीतला आवाज कोणाचा?

घरी दूरचित्रवाणीवर सामना अधिक स्पष्ट दिसतो. चेंडूचा टप्पा कोठे पडला, बॅटची कड लागली की नाही, हे मैदानातल्या वरच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकापेक्षा घरी खुर्चीत बसलेल्याला कितीतरी चांगले कळते. तरीही माणसे पहाटेपासून रांगा लावतात, उन्हाचे चटके सोसतात आणि मैदान गाठतात. कारण ती केवळ खेळ पाहायला जात नाहीत. ती एकत्र असायला जातात. चौकार गेला की शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडावे, त्याचे नाव, गाव, जात, धर्म काही विचारू नये आणि हजारो कंठांतून उठलेल्या एकाच घोषात आपलाही कंठ मिसळून जावा, हे सुख घरात मिळत नाही.

या सुखाला आम्ही हलके लेखत नाही. माणसाने एकटे असावे हे परमेश्वराला बरे वाटले नाही, असे पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानांवर आपण वाचतो. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दाखला दिला, तोही उगाच नव्हे. करिंथजवळच इस्थमियन क्रीडामहोत्सव भरत असे आणि त्याच्या वाचकांना ती गर्दी, तो गजर परिचयाचा होता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर श्रद्धेची शर्यत धावणाऱ्या माणसाभोवती साक्षीदारांचा मोठा मेघ असल्याची कल्पना आहे. आपल्याआधी धाव संपवलेले संतजन जणू प्रेक्षागारात बसून आपल्याला धीर देत आहेत. तेव्हा प्रेक्षक असण्यात मूळचे असे काही पाप नाही. प्रश्न आहे तो त्यापुढचा. हजारोंच्या आवाजात मिसळलेला आपला आवाज आपलाच राहतो काय? आणि तो आपला राहत नसेल, तर त्याचा जाब कोणी द्यायचा?

१३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत आणि श्रीलंका समोरासमोर होते. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था एक बाद ९८ अशी सुस्थितीत होती; पाहता पाहता ती आठ बाद १२० झाली. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, प्रेक्षागारात आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी खेळाडूंना बाहेर नेले आणि अखेरीस सामना श्रीलंकेला बहाल केला. नाबाद राहिलेला विनोद कांबळी रडत रडत परतला. दुसऱ्या दिवशी त्या प्रेक्षकांना एकेकटे गाठून कोणी विचारले असते, तर बहुतेकांनी एकच उत्तर दिले असते, की आम्ही काही केले नाही, लोकांनी केले. ‘लोक’ या शब्दाची हीच सोय आहे. त्यात सगळे असतात आणि कोणीच नसतो.

ही सोय आजची नव्हे. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहायला घेतलेल्या आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या सहाव्या भागात संत अगस्टीनने आपला मित्र अलिपियस याची हकीकत सांगितली आहे. अलिपियस कायद्याच्या शिक्षणासाठी रोमला गेला होता. ग्लॅडिएटरांच्या रक्तरंजित झुंजींचा त्याला तिटकारा होता. मित्रांनी एकदा त्याला बळेच रंगभूमीवर ओढून नेले. तुम्ही शरीर नेऊ शकाल, मन नाही, अशा अर्थाचे तो बोलला आणि आसनावर बसल्यावर त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. परंतु कान उघडे राहिले. झुंजीत एक जण कोसळला, प्रचंड आरोळी उठली आणि काय घडले ते पाहावे म्हणून अलिपियसने डोळे उघडले. पुढे जे झाले ते अगस्टीनने मोठ्या दुःखाने लिहिले आहे. खाली कोसळलेल्या मल्लाच्या देहाला झालेल्या जखमेपेक्षा खोल जखम या प्रेक्षकाच्या आत्म्याला झाली. आलेला माणूस तेथे उरला नाही. तो त्या जमावातलाच एक होऊन गेला, ओरडला, पेटला आणि नंतर इतरांना ओढून नेऊ लागला.

या हकीकतीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की अलिपियस दुष्ट नव्हता; सज्जन होता आणि आपल्या सज्जनपणाविषयी त्याला खात्री होती. त्याला पाडले ते त्या खात्रीने. दुसरी ही, की तो दृश्याने नव्हे, आवाजाने पडला. जमाव माणसात कानांवाटे शिरतो. आधी आपण ऐकतो, मग मान वळवतो, मग आपलेही ओठ हलू लागतात; विचार मागाहून येतो, आला तर. हाच अलिपियस पुढे इ.स. ३८७ साली अगस्टीनबरोबर मिलानमध्ये बाप्तिस्मा घेता झाला आणि कालांतराने थागास्टे येथे बिशप झाला, ही गोष्टही विसरता कामा नये. जमावात हरवलेला माणूस परत येऊ शकतो.

आपल्या अगदी जवळचे मैदान म्हणजे मुंबईचे वानखेडे. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद होऊन परतत असताना त्याच्याच शहरातल्या काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. एप्रिल २०११ मध्ये विश्वचषक जिंकल्यावर त्याच मैदानावर सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतले तेव्हा प्रेक्षागार आनंदाने वेडे झाले होते आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याने निरोप घेतला तेव्हा तेच प्रेक्षागार डोळे पुसत होते. या दोहोंच्या मागे, ऑक्टोबर २००७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सकडे पाहून काही प्रेक्षकांनी माकडचेष्टा केल्या. त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून छापून आली. सायमंड्सचे मातापित्यांकडून आलेले रक्त आणि त्याच्या कातडीचा रंग एवढेच त्या चेष्टांचे निमित्त होते. घरी पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय न बसवणारी माणसे मैदानात पाहुण्या खेळाडूला असे वागवतात, तेव्हा घरातला माणूस खरा की मैदानातला, असा प्रश्न पडतो. आम्हाला वाटते, दोन्ही खरे. म्हणूनच काळजी वाटते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. खेळ आहे, तिकिटाचे पैसे मोजले आहेत, चार घटका ओरडून माणसाचे मन मोकळे होते; त्यात पापपुण्य कशाला आणावे? शिवाय पापाला पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातच आपण शिकलो आहोत. जमावाच्या लाटेत वाहून गेलेल्या माणसाची संमती पूर्ण कशी म्हणायची?

आक्षेप पोकळ नाही. संत थॉमस अक्वायनसने याचा विचार केला आहे. विकार आधी उसळला आणि त्याने बुद्धी झाकोळली, तर दोष कमी होतो, असे तो मानतो. परंतु इच्छेनेच विकाराला चेतवले असेल, तर तो विकार दोष कमी करीत नाही. उलट इच्छेचा जोर किती होता तेच दाखवतो. आता मैदानावरचा आपला अनुभव प्रामाणिकपणे तपासावा. लाट आपल्यावर अवचित येते, हे क्वचितच खरे असते. बहुधा आपण तिच्यासाठीच गेलेलो असतो. चेहरे रंगवून, घोषणा पाठ करून, कोणावर तुटून पडायचे ते आधीच ठरवून. शिवाय ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे की दुसऱ्याच्या पापात स्वतः भाग घेऊन, त्याची वाहवा करून, किंवा रोखणे आपले कर्तव्य असताना न रोखून आपण त्याचे वाटेकरी होतो. बाटली फेकणारा एक असतो. त्याच्याकडे पाहून हसणारे दहा असतात. त्या हसण्याचा हिशेब कोणत्याही पोलीस ठाण्यात होत नाही, म्हणून तो पापनिवेदनाच्या वेळी आपणच करायला हवा.

जमावाच्या ‘आम्ही’ला बहुधा समोर एक ‘ते’ लागतो. हे आपल्या समाजाला इतरांपेक्षा अधिक ठाऊक असायला हवे. मुंबईत एके काळी क्रिकेटचे संघच धर्मावर आणि वंशावर उभे होते. युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुसलमान यांच्या चौरंगी सामन्यांत १९३७ साली पाचवा संघ आला. त्यात हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी असे उरलेले सगळे होते आणि त्याचे नावच ‘रेस्ट’, म्हणजे बाकीचे. सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे, पंथाने प्रॉटेस्टंट, याच संघातून खेळत. १९४३-४४ च्या हंगामातील अंतिम सामन्यात ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदू संघाविरुद्ध त्यांनी ‘बाकीच्यां’च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या; भाऊ विवेक यांच्यासह झालेल्या ३०० धावांच्या भागीदारीत भावाच्या धावा २१ होत्या. तरीही संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. गांधीजींनी १९४० च्या डिसेंबरातच मुंबईच्या क्रीडारसिकांना अशा जातीय सामन्यांचा त्याग करण्याचे आवाहन केले होते; १९४६ नंतर ते सामने बंद पडले. परंतु ज्यांची गणना एकदा ‘बाकीचे’ म्हणून झाली, त्यांनी तरी प्रेक्षागारात बसून दुसऱ्या कोणाला ‘बाकीचा’ ठरवू नये.

जमावाचे पाप सांगितले, तसे त्याचे पुण्यही सांगितले पाहिजे. १९९९ च्या जानेवारीत पाकिस्तानचा संघ भारतात आला, तेव्हा वातावरण कडवट होते. विरोधकांनी दिल्लीतली खेळपट्टी उखडलीही होती. चेन्नईच्या कसोटीत जिंकण्यासाठी २७१ धावा हव्या होत्या. तेंडुलकर १३६ धावा करून बाद झाला तेव्हा केवळ १७ धावा उरल्या होत्या. भारत २५८ वर सर्वबाद झाला आणि पाकिस्तान १२ धावांनी जिंकले. क्षणभर मैदान सुन्न झाले. मग प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. वासिम अक्रमच्या संघाने मैदानाला फेरी घातली आणि हरलेल्या शहराने जिंकलेल्या पाहुण्यांना मानवंदना दिली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी कलकत्त्यात, तेंडुलकर वादग्रस्त रीतीने धावबाद झाल्यावर, प्रेक्षकांनी असा गोंधळ घातला की पोलिसांना प्रेक्षागार रिकामे करावे लागले आणि पाकिस्तानचा विजय ओस पडलेल्या बाकांसमोर झाला.

देश तोच, पाहुणे तेच, दुःखही तेच. चेन्नईतही कोणीतरी पहिला उभा राहिला असेल. त्याचे नाव इतिहासात नाही आणि त्याच्या टाळीचा आवाज पहिल्या क्षणी एकट्याचाच असेल. पण जमाव जसा शिवी उचलतो तसा आदरही उचलतो. म्हणून एकट्याने काय होणार, हे म्हणणे मैदानात तरी खरे नाही. तेथे सारे काही एकट्यापासूनच सुरू होते.

झावळ्यांच्या रविवारी आणि पवित्र शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन भूमिका वाटून होते, तेव्हा ख्रिस्तसभा आपल्या हाती कोणते शब्द देते, याकडे लक्ष द्यावे. आपल्याला प्रभूची भूमिका मिळत नाही, पेत्राची नाही, पिलाताचीही नाही. भाविकांना जमावाची भूमिका मिळते. हातात झावळ्या घेऊन होसान्ना म्हणणारे आपणच थोड्या वेळाने त्याला क्रूसावर देण्याची मागणी करतो. मोठ्याने, एका सुरात, मुलाबाळांसह. ख्रिस्तसभा आपल्याला अपमानित करण्यासाठी हे करीत नाही. तो आवाज यरुशलेमच्या कोणा परक्या लोकांचा होता, अशी समजूत आपण करून घेऊ नये म्हणून ती तो आपल्याच कंठातून काढून आपल्याला ऐकवते.

सणांच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामांतही सामने होतात. समोरचा संघ शेजारच्या धर्मग्रामाचा असतो, पंच बहुधा कोणाचा तरी मामा किंवा काका असतो आणि सीमारेषेवर आपली मुले उभी असतात. बाद दिलेला निर्णय न पटल्यावर वडील काय ओरडतात, ते ती ऐकतात; अलिपियसप्रमाणे त्यांचेही कान उघडे असतात. प्रतिपक्षाच्या सुंदर झेलाला आपण टाळी वाजवली, तर तीही ती ऐकतील.