हृदयरोग : प्रारब्ध किती, क्रियमाण किती?



एखाद्या घरातील कर्ता पुरुष पन्नाशीच्या आतबाहेर हृदयविकाराच्या झटक्याने गेला म्हणजे समाचाराला आलेल्या मंडळींच्या तोंडी दोन वाक्ये हमखास येतात. “अगदी अचानक झाले हो,” हे पहिले, आणि “त्याचे आयुष्यच तेवढे होते,” हे दुसरे. शोकाच्या समयी ही वाक्ये सांत्वनापुरती योग्यच होत. परंतु त्याच घरात गेलेल्याचे भाऊ असतात, मुले असतात. त्यांनी ही वाक्ये सत्य म्हणून उराशी धरली, तर पुढचा अनर्थ टाळण्याचे दारच बंद होते. म्हणून वडीलधाऱ्यांसमोर वयाने लहान असूनही या दोन वाक्यांचा विचार आज नम्रपणे मांडीत आहे.

प्रथम ‘अचानक’ हा शब्द घेऊ. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या अस्तराखाली मेदाचे थर साचत जातात. हे काम वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालते आणि बहुधा त्याची काहीच जाणीव होत नाही. एखाद्या दिवशी असा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, वाहिनी बंद पडते, आणि तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. झटका घटकाभराचा, त्याची तयारी मात्र अर्ध्या आयुष्याची!

या ठिकाणी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दृष्टान्त बोधप्रद आहे. १९४१ साली त्यांचा रक्तदाब १८८/१०५ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी तो ३००/१९० इतका चढला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला. त्यांच्या मुख्य वैद्यांनी मात्र हा आघात ध्यानीमनी नसता आला असेच सांगितले. वयोमानाने रक्तदाब वाढावयाचाच, अशी त्या काळी पुष्कळ वैद्यांचीही समजूत होती. पुढे १९४८ साली त्याच देशातील फ्रेमिंगहॅम या गावी एक मोठा अभ्यास सुरू झाला. ५,२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी होऊ लागली. कोणाला हृदयरोग जडतो, आणि जडण्यापूर्वी त्याच्या ठायी काय दिसत होते, हे नोंदले जाऊ लागले. उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही त्या रोगाची पूर्वचिन्हे होत, हे या नोंदींतून १९६० च्या सुमारास स्पष्ट झाले. ज्याची वर्दी इतकी वर्षे आधी मिळू शकते, त्यास अचानक कसे म्हणावे?

आता दुसरे वाक्य : “आयुष्यच तेवढे होते.” आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे प्रकार सांगितले आहेत. फळ देऊ लागलेले ते प्रारब्ध. आज आपण करीत आहोत ते क्रियमाण. हृदयरोगासही हा विवेक लावून पाहावा. वाढते वय, पुरुषदेह आणि घराण्याचा वारसा हे प्रारब्ध समजावे. वडील वा भाऊ यांना पंचावन्नच्या आत, किंवा आई वा बहीण यांना पासष्टच्या आत हा रोग झाला असेल, तर त्या घरावर त्याचा डोळा आहे असे समजावे. स्त्रियाही सुरक्षित नाहीत. रजोनिवृत्तीनंतर त्यांचा धोका वाढतो. हे कोणास पालटता येत नाही.

परंतु क्रियमाणाचा वाटा किती मोठा आहे पाहा! डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेला ‘इंटरहार्ट’ हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या झटक्याच्या एकंदर धोक्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग अवघ्या नऊ गोष्टींनी उलगडतो, असे त्यात आढळले. धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर, मनावरील ताण, फळे व भाज्या यांची उणीव आणि व्यायामाचा अभाव ही त्यांतील प्रमुख होत. भारत व शेजारच्या देशांतील लोकांना पहिला झटका साधारणतः त्रेपन्नाव्या वर्षी येतो, तर इतर देशांत एकोणसाठाव्या, हेही त्याच अभ्यासातून दिसले. अशी कारणे आपल्याकडे तरुण वयातच अधिक आढळतात, हे त्याचे मुख्य कारण होय.

तेव्हा आपल्या घरात डोकावून पाहू. विडी-सिगारेट ओढणारा पुरुष आपल्याबरोबर बायकामुलांच्या श्वासातही विष कालवितो; तंबाखू चघळणे आणि मिश्री लावणे यांसही निरुपद्रवी समजू नये. धूम्रपान सोडले की वर्षभरात हृदयाचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, हे सोडू इच्छिणाऱ्याने ध्यानी धरावे. मीठ दिवसाकाठी पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत असावे; लोणची आणि पापड यांतील मीठही त्यातच मोजावे. रोज अर्धा तास झपझप चालावे. आणि घरातील माउली, जी सर्वांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते, तिचा रक्तदाब शेवटचा केव्हा तपासला होता, हा प्रश्न प्रत्येक मुलाने स्वतःस विचारावा.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावयाची आहे. एकादशी, चतुर्थी वा नवरात्र आले म्हणजे कित्येक वडीलधारी मंडळी रक्तदाबाची गोळी बंद ठेवतात, आणि दिवसभर साबुदाण्याची खिचडी व बटाटा यांवर राहतात. गोळी घेतल्याने व्रत मोडते, ही समजूत शास्त्रास धरून नाही. ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे धर्मशास्त्र सांगते, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर औषधाचीही गणना आहे. म्हणून गोळी चुकवू नये; आणि मधुमेह्याने तर वैद्यांस विचारल्यावाचून उपवास धरूच नये. देवास आपली निष्ठा हवी, आपला देहनाश नव्हे.

ज्या घरी असे दुःख येऊन गेले आहे, तेथील मुलाबाळांनी दिवसवार आटोपल्यावर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल एकदा तपासून घ्यावे. गेलेल्यास आपण तिलांजली देतो. मागे राहिलेल्यांस जपणे हेही त्याचेच ऋण फेडणे आहे. प्रारब्धापुढे मस्तक नमवावे, पण क्रियमाण हातचे सोडू नये. सर्वांस आरोग्य लाभो, एवढी प्रार्थना करून विराम घेतो.

॥ शुभं भवतु ॥